गाणं ऐकून माणसाला काय वाटेल ते कॉम्प्युटरला सांगता येतं का?

इंदूरी_श्रोता:
नमस्कार मंडळी, इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, इंदूरला. प्रोजेक्ट असा की ऑडिओ दिला की ऐकणाऱ्याला काय वाटेल ते मॉडेलने सांगायचं. ‘डीम’ डेटासेट घेतला, त्यात गाण्यांचे तुकडे आणि काही पूर्ण गाणी मिळून १८०२ नमुने आहेत आणि काय भाव वाटला त्याचे लोकांनी ऐकता ऐकता दिलेले मार्क. तिकडच्या पॉप-रॉकवर बरं चालतंय. पण ख्यालगायक अमीर खांसाहेबांच्या गावात राहून ख्याल सोडायचा कसा, म्हणून मारवा रागाचा विलंबित आलाप दिला तर मॉडेल म्हणतं ‘शांत, प्रसन्न’. तोच तुकडा आईला ऐकवला तर म्हणाली, बंद कर रे, जीव कासावीस होतोय, तिन्हीसांजेला कोणीतरी घरी यायचं राहिलंय असं वाटतं. आणि मित्राला चक्क झोप आली. आता बरोबर उत्तर कोणाचं धरू?

बडोदेकर_ताई:
अरे, मॉडेल बहुतेक दोन आकडे काढतंय ना, उत्तेजना किती आणि भाव सुखद की दुःखद? ती मांडणी जेम्स रसेलची, १९८० ची. पहिला आकडा सोपा जातो, कारण लय, आवाजाची पातळी, स्वराचा तेजपणा हे सगळं सिग्नलमधून मोजता येतं. दुसरा सगळ्यांनाच अवघड जातो, आणि त्यात तुझं मॉडेल पाश्चात्य संगीतातले मेजर-मायनर हे स्वरसमूह शिकून आलंय, मारव्यात कोमल रे, तीव्र म आणि पंचम गायब, ते बिचारं काय करणार. लय संथ, आवाज मंद, मग शांत म्हणून मोकळं झालं.

ग्वाल्हेरवाला:
ताईंचं बरोबर, पण त्याच्याही पुढची अडचण आहे भाऊ. मारवा, पूरिया, सोहनी, तिघांचे स्वर तेच! मारव्यात रे-ध वर जोर, पूरियात ग-नी वर, आणि सोहनी वरच्या सप्तकात खेळते. म्हणजे कोणते स्वर आले एवढं मोजून काही हाती लागणार नाही, कुठे किती वेळ थांबले ते बघावं लागेल, आणि त्यासाठी आधी गायकाचा षड्ज, म्हणजे सा, सापडला पाहिजे. मारव्यात तर सा मुद्दामच टाळत राहतात, सगळी हुरहुर त्यातच आहे. ‘एसेंशिया’ या ऑडिओच्या सॉफ्टवेअर लायब्ररीत हिंदुस्थानी-कर्नाटक संगीताचा षड्ज शोधायचा अल्गोरिदम आहे, तो लावून बघ. आणि डीममधले मार्क बहुतेक ४५ सेकंदांच्या तुकड्यांवरचे आहेत, आपल्याकडे तेवढ्यात आलाप नीट सुरूसुद्धा होत नाही.

सराफा_कट्टा:
मी मानसशास्त्रवाला. गाण्यात कोणता भाव आहे आणि ऐकून मला काय झालं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, मार्क घेताना वेगवेगळे विचारायचे. पहिल्यावर लोकांचं बऱ्यापैकी जमतं. १९९९ मध्ये बाल्कविल आणि थॉम्पसन यांनी पाश्चात्य श्रोत्यांना हिंदुस्थानी राग ऐकवले, त्यांना आनंद, दुःख, संताप हे भाव ओळखता आले, शांत रस मात्र तितकासा नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माणसागणिक बदलतं. तुझ्या आईचा आकडा आणि मित्राचा आकडा घेऊन सरासरी काढशील तर मधलं काहीतरी येईल जे दोघांपैकी कोणालाच वाटलेलं नाही, माझ्या मते ही या विषयातली सगळ्यात वाईट सवय आहे. मतं किती पसरलीत तेही मॉडेलला शिकव, आणि ऐकणाऱ्याचं वय, रागसंगीत कानावर आहे का, हे इनपुटमध्ये घे.

इंदूरी_श्रोता:
जबरदस्त! म्हणजे मार्क इथल्याच लोकांकडून गोळा करावे लागणार. मारवा आणि पूरियाचे लांब तुकडे घेऊन दोन्ही प्रश्न वेगळे विचारतो. ग्वाल्हेर-बडोद्याचे श्रोते मिळतील का, फॉर्म बनवून इथेच टाकू?

ग्वाल्हेरवाला:
टाक टाक. आमच्या क्लासची दहा-बारा पोरं बसवतो, फक्त हेडफोन लावूनच ऐका म्हणून लिही, मोबाइलच्या स्पीकरवर खर्ज ऐकूच येत नाही.