भाचीनं अर्थशास्त्र घेतलंय, पुढं काय?

प्रेषक: खानापूरचा मामा, मुक्काम बर्मिंगहॅम

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या हॉलची चर्चा चालू आहे, त्यात मध्येच वेगळा विषय काढतोय. माझी भाची बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचं कॉम्बिनेशन एचईपी, म्हणजे इतिहास, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. दहावी मराठी माध्यमातून, मग पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, आर्ट्स. तिन्ही विषयांत तिला अर्थशास्त्रच मनापासून आवडतं, आणि मार्कही त्यातच सगळ्यांत जास्त. घरी मात्र रोज एकच चर्चा: ह्यातनं नोकरी कसली लागणार? कोण म्हणतंय बी.एड. कर, कोण म्हणतंय बँकेचा क्लास लाव. एका पाहुण्यांनी पुण्याला पाठवून एमबीए करायचा सल्ला दिलाय.

बहिणीचं घर भातावर आणि थोड्या उसावर चालतं. दोन वर्षांचा खर्च कसाबसा पेलतील, पण तो वाया जाऊन चालणार नाही. मी मेकॅनिकलवाला, मला ह्यातलं काही कळत नाही. मंडळात बँकेतली, विद्यापीठातली माणसं आहेत. मोकळेपणानं सांगा.

—

प्रेषक: टिळकवाडीचे काका, मुक्काम दुबई

मामा, फार विचार करू नका. बँकेची परीक्षा. बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या पीओला, म्हणजे अधिकारीपदाला, कुठलीही पदवी चालते, वय २० ते ३०. ग्रामीण बँकांची परीक्षा वेगळी, ती पण आयबीपीएसच घेते. आमच्या गल्लीतली कितीतरी पोरं अशीच लागली आणि घरं उभी राहिली. एम.ए.त दोन वर्षं घालवण्यापेक्षा तीच दोन वर्षं अभ्यासाला दिलेली बरी.

—

प्रेषक: निपाणीची अक्का, मुक्काम लीड्स

मामा, हा प्रश्न दुसऱ्या वर्षालाच विचारलात हे फार चांगलं झालं. शेवटच्या वर्षाचा निकाल हातात आल्यावर विचारला असता तर काकांनी सांगितलेली एकच वाट उरली असती. ती वाट वाईट नाही, मी स्वतः ग्रामीण बँकेच्या कर्जविभागात नोकरी केली आहे. पण अर्थशास्त्र मनापासून आवडणाऱ्या मुलीसमोर पहिल्याच दिवशी तेवढंच ठेवू नये.

माझं माहेर निपाणी, बी.ए. अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात. ज्यांना तो भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कॉलेज निपाणीला लागूनच आहे, पण जमीन कागल तालुक्याची. म्हणजे राहायचं कर्नाटकात आणि शिकायचं महाराष्ट्रात. एम.ए. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात. आता इथं एका संशोधन संस्थेत सर्वेक्षणाच्या आकड्यांचं काम करते.

आधी अडचणीचं सांगते. एचईपीत गणित नाही आणि संख्याशास्त्रही नाही. त्यामुळं काही दारं आज बंद आहेत. केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल परीक्षेतून ज्युनियर स्टॅटिस्टिकल ऑफिसर घेतात, देशभरच्या नमुना सर्वेक्षणांचं काम असतं, उत्तम नोकरी. पण तिथं बारावीला गणितात ६० टक्के हवेत, नाहीतर पदवीला संख्याशास्त्र हा विषय हवा. मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था रिझर्व्ह बँकेनं १९८७ साली काढली, शिक्षण फार वरच्या दर्जाचं, पण प्रवेश परीक्षेत गणित जड. घरच्यांना हे आत्ताच माहीत असावं.

आता उघड्या दारांबद्दल. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसबद्दल आपल्याकडं फारसं कुणी बोलत नाही. आयएएस सगळ्यांना माहीत असतं, ही सेवा नाही. परीक्षा यूपीएससीच घेते, वय २१ ते ३०, अट अर्थशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीची. बारावीला गणित होतं का, हे कुणी विचारत नाही. सामान्य अर्थशास्त्राचे तीन आणि भारतीय अर्थव्यवस्थेचा एक, असे चार पेपर प्रत्येकी २०० मार्कांचे, शिवाय इंग्रजी आणि सामान्य ज्ञान प्रत्येकी १००, आणि २०० मार्कांची मुलाखत. जागा मोजक्याच निघतात हे खरं. पण हाच अभ्यास कॉलेजात शिकवण्यासाठीच्या नेटला आणि सेटला उपयोगी पडतो, आणि रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकारी भरतीत आर्थिक धोरण विभागाच्या जागांनाही. तिथंही अर्थशास्त्राचं एम.ए.च लागतं. म्हणून काका, एम.ए.ची दोन वर्षं वाया जातात असं मला वाटत नाही. एका अभ्यासावर चार परीक्षा देता येतात.

एम.ए. कुठं करायचं? खानापूरच्या मुलीला भुतरामनहट्टीचं राणी चन्नम्मा विद्यापीठ जवळ, धारवाड थोडं लांब, कोल्हापूर त्याच्याही पुढं. कलबुर्गीच्या केंद्रीय विद्यापीठात सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं. पुण्याची गोखले संस्था १९३० पासूनची. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ पुढं प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत होते. ऊस पिकवणाऱ्या घरातल्या मुलीनं अर्थशास्त्र शिकताना हे नाव ऐकलेलं असावं असं मला फार वाटतं. बेंगळूरला बाबासाहेबांच्या नावाचं अर्थशास्त्र विद्यापीठ २०१७ पासून आहे. आणि धारवाडचं सीएमडीआर, बेंगळूरचं आयसेक ह्या संशोधन संस्था. आयसेक व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९७२ साली काढली. अशा ठिकाणी प्रकल्प आले की फील्ड इन्व्हेस्टिगेटर आणि रिसर्च असिस्टंट लागतात. सुरुवातीचा पगार थोडा असतो, पण शिकायला मिळतं ते दुसरीकडं मिळत नाही.

आता मला जे सगळ्यांत कळकळीनं सांगायचंय ते. आपल्या भागात अर्थशास्त्र दारात पडलंय आणि पोरं ते क्लासच्या गाईडमध्ये शोधतात. पीककर्जाचंच घ्या. तीन लाखांपर्यंतचं कर्ज केंद्राच्या योजनेत सात टक्क्यांनी, वेळेत फेडलं की तीन टक्के सवलत, म्हणजे चार टक्के पडतं. त्यावर कर्नाटकानं सहकारी संस्थांमधून बिनव्याजी कर्जाची मर्यादा २०२३ च्या अंदाजपत्रकात तीन लाखांवरून पाच लाख केली. महाराष्ट्रात पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ती तीन लाख. वेदगंगेच्या खोऱ्यात ह्या बाजूचं शेत आणि त्या बाजूचं शेत, माती तीच, ऊस तोच, आणि कर्जाचे नियम दोन. कुठल्या बाजूचा शेतकरी सावकाराकडं कमी जातो? कुठं सोसायटीचं कर्ज खऱ्या गरजवंताला मिळतं? दिल्लीतल्या विद्यार्थ्याला असा अभ्यास करायला रेल्वेनं यावं लागेल आणि बरोबर दुभाषा आणावा लागेल. तुमच्या भाचीला वडापचं भाडं पुरेल.

उसाचंही तसंच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर १५ टक्के व्याज. २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये. हे आकडे आपल्याकडं पारावर सगळ्यांना पाठ असतात. पण उतारा कसा मोजतात, तोडणी-वाहतूक कुठं वजा होते, थकलेल्या बिलावरचं व्याज किती, हे कागदावर मांडून दाखवणारं माणूस गावात सापडत नाही. कारखान्याला, बँकेला, नाबार्डला, शेतकरी उत्पादक कंपनीला असं माणूस लागतं. बेळगाव जिल्ह्यात साखर कारखान्यांची आणि पतसंस्थांची कमी नाही.

तिनं आत्तापासून काय करायचं? एक्सेल नीट शिकायचं, मग आकडेवारीसाठीचं 'आर' हे सॉफ्टवेअर. ते फुकट आहे. स्वयम ह्या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर संख्याशास्त्राचा कोर्स करायचा. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवर श्रमबल सर्वेक्षणाचे, म्हणजे पीएलएफएसचे, कच्चे आकडे मोफत मिळतात. त्यातून कर्नाटकातल्या ग्रामीण बायकांच्या कामाचा एक तक्ता स्वतः तयार करायचा. मुलाखतीत असा एक तक्ता समोर ठेवणारी मुलगी वेगळी दिसते, मी आता निवड समितीत बसते म्हणून सांगते.

आणि कन्नड. दहावीपर्यंत शिकलेलं सोडू नका म्हणावं. वाचता-लिहिता आलंच पाहिजे.

—

प्रेषक: शहापूरचा दादा, मुक्काम न्यू जर्सी

अक्का, बाकी सगळं पटलं, शेवटचं पटलं नाही. आपल्या आई-वडिलांनी मराठीसाठी लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. सीमाभाग महाराष्ट्रात यावा हा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. आणि आपणच पोरांना कन्नडच्या परीक्षा द्या म्हणून सांगायचं? महाराष्ट्र सरकारनं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना तिकडच्या नोकरभरतीत अर्ज करता येतो, १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. तिकडं अर्थ व सांख्यिकी संचालनालयात संशोधन सहायक, सांख्यिकी सहायक अशी पदं निघतात, ती अर्थशास्त्रवाल्यांनाही चालतात. खानापूर तालुक्यातली मुलगी आहे, तिनं महाराष्ट्राकडं बघावं.

—

प्रेषक: निपाणीची अक्का, मुक्काम लीड्स

दादा, ८६५ गावांचं तुम्ही आठवणीनं सांगितलंत, ते माझ्याकडून राहिलं होतं. मामा, गाव यादीत आहे का ते बघून दाखल्याचं काम आत्ताच सुरू करा. जाहिरात निघाल्यावर पळापळ करून तो मिळत नाही.

पण कन्नडबद्दल मी ठाम आहे. माझे वडीलही मोर्चात होते. घरात मराठी पेपर, मराठी शाळा, त्यात त्यांनी कधी तडजोड केली नाही. तरी तंबाखूच्या वखारीत हिशेब ते दोन्ही भाषांत लिहायचे, कारण शेतकरी दोन्हीकडून यायचे. बँकेत असताना हुक्केरी तालुक्यातल्या एका घरी वसुलीला गेले होते. नवरा कन्नड बोलणारा, बायको गडहिंग्लज भागातली, मराठी. कर्जाचा कागद इंग्रजीत. वेळेत फेडलं तर चार टक्के आणि तारीख चुकली तर किती, हे दोघांना त्यांच्या त्यांच्या भाषेत सांगितल्यावर त्या बाईनं दुसऱ्या हंगामात स्वतः तारीख सांभाळली. माझ्या हातून झालेलं अर्थशास्त्राचं सगळ्यांत खरं काम ते, असं मी आजही मानते.

आता व्यवहाराचं बघा. कर्नाटकातल्या दोन ग्रामीण बँका १ मे २०२५ ला एक होऊन कर्नाटक ग्रामीण बँक झाली, मुख्यालय बळ्ळारी. तिथं कन्नड हवंच. सरकारी बँकांच्या क्लार्कला ज्या राज्यातून अर्ज करतो तिथली भाषा यावी लागते. म्हणजे आपल्या मुलीला एका वर्षी महाराष्ट्रातून आणि दुसऱ्या वर्षी कर्नाटकातून अर्ज करायची मुभा आहे. पुण्याच्या मुलीला ती नाही, म्हैसूरच्या मुलीलाही नाही. कर्नाटकात पीयू लेक्चरर व्हायचं तर एम.ए. आणि बी.एड. लागतं. कॉलेजात शिकवायचं तर के-सेट कर्नाटकापुरती, महाराष्ट्राची सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरती, नेट सगळीकडं. तिनं दोन्ही सेट द्याव्यात. मराठीवरचं प्रेम आणि पोरीच्या हातातलं काम ह्यांत मला भांडण दिसत नाही.

—

प्रेषक: चिकोडीची वहिनी, मुक्काम श्टुटगार्ट

एक छोटी भर. कुणीतरी "जर्मनीत फुकट शिक्षण" सुचवेलच, म्हणून आधीच लिहिते. इकडच्या अर्थशास्त्राच्या मास्टर्सला पदवीत अर्थशास्त्र, गणित आणि इकॉनॉमेट्रिक्सचे ठरावीक क्रेडिट मोजतात. एचईपीत अर्थशास्त्र तीन विषयांतला एक, त्यामुळं ते बहुतेक कमी पडतील. शिवाय कागदपत्रं तपासल्याचं एपीएसचं प्रमाणपत्र, आणि वर्षाच्या खर्चासाठी १२ हजार युरोंच्या आसपास रक्कम खात्यात अडकवून ठेवावी लागते. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी चार वर्षांची पदवी मागतात, आणि कर्नाटकानं २०२४ पासून परत तीन वर्षांची केलीय. इंग्लंडला तीन वर्षं चालतात, पण तिथली फी बघा. तिनं आधी भारतातच चांगलं एम.ए. करावं. परदेशाचं त्यानंतर बघता येईल, तेव्हा शिष्यवृत्तीलाही बळ येतं.

—

प्रेषक: खानापूरचा मामा, मुक्काम बर्मिंगहॅम

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बहिणीला आणि भाचीला फोनवर सगळं वाचून दाखवलं. मेहुणे एम.ए.ला तयार झालेत, धारवाड किंवा भुतरामनहट्टी. गोखलेची प्रवेश परीक्षा ती देणार आहे, लागली तर बघू म्हणतात. ८६५ च्या यादीत गाव आहे, दाखल्याला लागणारे कागद मेहुणे सोमवारी तहसीलला विचारणार आहेत. बँकेचा अभ्यास तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत, काका, तुमच्या पुतण्याची जुनी पुस्तकं मिळतील का?

अक्का, तिला उसाच्या बिलावरच्या व्याजाचा हिशेब करायचाय. घरातल्या गेल्या तीन हंगामांच्या पावत्या तिनं काढून ठेवल्यात. एक्सेलमध्ये कसं मांडायचं ते विचारतेय. येत्या रविवारी भारतातल्या संध्याकाळी सहाला तुम्हाला जमेल का?

—

प्रेषक: निपाणीची अक्का, मुक्काम लीड्स

जमेल. ऊस घातल्याची तारीख, वजन, जाहीर दर, कपात आणि पैसे जमा झाल्याची तारीख, एवढे रकाने करून ठेवायला सांगा. पासबुकही जवळ घेऊन बसू दे.