शब्दचर्चा : नाण्यावरचा ‘तडा’ वर कसा उठतो?

खारपाण
राजेहो, एक शब्द अडला आहे. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात जुनी नाणी मांडतोय. सगळी गावातल्याच डब्याडुब्यांतून निघालेली : शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, एक ती शिवराई), कंपनीचे पाव आणे, चार-दोन राणीछाप रुपये. एका शिवराईचा मोठा फोटो काढून खाली चिठ्ठी लावली, ‘येथे तडा दिसतो’. त्यावरच्या ‘छत्र’ या अक्षरांच्या डोक्यावरून एक वाकडी रेघ कडेपर्यंत गेली आहे, ती दाखवायची होती. परवा एक आजोबा आले. चष्मा कपाळावर नेला, नाण्यावरून नख फिरवलं अन् म्हणाले, “मास्तर, तडा मंजे आत जाते ना? हे तं वर आलं हाये. असा उलटा तडा कुठी असते का?” मला उत्तर देता आलं नाही. चिठ्ठी काढून ठेवली आहे. काय लिहू?

छापाकाटा
आजोबांचं बरोबर आहे आणि तुमचीही चिठ्ठी चूक नाही. तडा कुणाचा, तेवढं लिहायचं राहिलं.

तडा नाण्याला गेलेला नाही, ठशाला, म्हणजे नाणं पाडायच्या डायला, गेला आहे. ठशावर अक्षरं उलटी आणि खोल कोरलेली असतात. त्याला तडा गेला की अक्षराच्या खोलीसारखीच तीही एक बारीक पोकळी. वरून घाव बसला की तांबं अक्षरांत शिरतं तसं या पोकळीतही शिरतं. म्हणून अक्षर जसं उठतं तसा तडाही उठतो. ओरखड्याचं उलट. तो नाणं पाडून झाल्यावर केव्हातरी पडतो, आत जातो, आणि नांगराच्या तासासारखी दोन्ही काठांवर थोडी ‘माती’ वर ढकलतो. भिंगाखाली ती काठावरची किनार दिसली की समजायचं ओरखडा.

आजोबांना हात जोडून सांगा, पुढल्या वेळी नख नको.

लेथवाला
हिंगणघाटला आमचं डाय-पंचचं काम आहे, म्हणून बोलतो. डायला पाणी जास्त कडक बसलं की ती ठिसूळ होते. मग ठोके खाता खाता एक दिवस केसासारखी रेघ दिसते. बहुतेक वेळा कोरीव कामाचा टोकदार कोपरा असतो तिथून सुरुवात. अन् रेघ दिसली म्हणून लगेच डाय फेकत नाही कोणी! ऑर्डर उरकेपर्यंत चालवतात. रेघ वाढत जाते, शेवटी कडेचा तुकडाच उडतो, मग मालावर तिथं नुसता गोळा येतो, नक्षी नाही. माल समोर ठेवला तर कुठला नग आधीचा, कुठला नंतरचा हे मी रेघेच्या लांबीवरून सांगतो.

शब्द विचाराल तर ‘डाय तडकली’ म्हणतो आम्ही. ‘भेगाळली’ मी आजवर ऐकलं नाही.

ऱ्हस्वदीर्घ
लेथवालेभाऊंनी नकळत मोठं काम केलं. तडकणे आणि भेगाळणे यांत मराठी कारणाचा फरक करते. काच तडकते, मडकं तडकतं, भिंतीला तडा जातो : वस्तू कडक असते आणि तिला धक्का, ताण किंवा ताव बसतो. भेग सुकण्याने पडते. चैत्रात काळ्या रानाला पडतात त्या भेगा, टाचेला पडतात त्या भेगा. चीर लांब आणि बारीक, तिला कारण लागत नाही. फट दोन वस्तूंच्या मधे असते. तेव्हा ठशाला ‘तडा’च बरोबर.

माझी अडचण ‘ठसा’ या शब्दाशी आहे. ज्याने उमटवायचं तोही ठसा आणि जे उमटलं तोही ठसा. बोटाचा ठसा कागदावर असतो, सोनाराचा ठसा पेटीत. ‘छाप’चं तेच, ‘मुद्रे’चं तेच. मग ‘ठशावर तडा दिसतो’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं? आणि ‘साचा’ म्हणू नका. साच्यात ओततात, ठशाने ठोकतात. शिवराई ठोकलेली आहे.

पऱ्हाटी
मले नाण्यातलं काही समजत नाही, पण तो आजोबाचा प्रश्न लय आवडला. आज सकाळी धुऱ्यावर ओल होती. आमच्या मायच्या टाचा तुम्ही पाहाल तर घाबराल, बोटाचं नख जाईल एवढ्या भेगा. ती पुढं चालत होती अन् मी मागून पाहत होतो. चिखलात तिचं पाऊल उमटलं तं टाचेच्या जागी भेगा नाही, बारीक बारीक बांध उभे! पायाले खड्डा, मातीले बांध. आजोबाले हेच दाखवा ना. दोन मिनिटांत समजते.

छापाकाटा
वा! हे उदाहरण मी आता सगळीकडे वापरणार, तुमच्या आईंना नमस्कार सांगून.

पण एक इशारा देतो. वर उठलेली रेघ म्हणजे तडाच, असंही नाही. ठसा घासून साफ करताना त्यावर बारीक चरे पडतात, ते चरेही नाण्यावर उठूनच येतात. ओळखायचं कसं? घासणी ठशाच्या सपाट भागावरूनच फिरते, कोरलेल्या अक्षरांच्या तळाला पोचत नाही. म्हणून नाण्यावर या रेघा मोकळ्या जागेत असतात, बहुधा सरळ, पाच-सात जवळजवळ, आणि अक्षराशी येऊन थांबतात. तडा अक्षराला भीत नाही. तो अक्षरातून जातो, मधेच वळतो, कुठे जाड, कुठे केसाएवढा.

पुस्तकांत वाचलेलं असतं की तडा कडेपासून सुरू होतो. कंपनीच्या १८३५नंतरच्या यंत्रावरच्या पैशांना ते बरंचसं लागू पडतं. शिवराईला नाही. तिचा ठसा ज्या तांब्याच्या चकतीवर ठोकत तिच्यापेक्षा मोठा असे, म्हणून तर निम्मी अक्षरं बाहेर राहिलेली दिसतात. ठशाची कड नाण्यावर आलेलीच नाही, मग तडा कुठून सुरू झाला हे कसं दिसणार?

आणखी एक. शिवराईच्या चकतीची कड ठोकताना फाटते. ती फट आरपार असते, दोन्ही बाजूंनी दिसते. तिला तडा म्हणू नका, ‘कड फाटली’ म्हणा. पोळी लाटताना फाटते तशी.

ऱ्हस्वदीर्घ
मग शब्द असे लावू या का? ठशाला गेला तो तडा. चकतीची फाटते ती कड. नाण्याला पडतो तो वरवरचा असेल तर ओरखडा, खोल असेल तर चरा. भांड्याला आपण चरे पडले म्हणतोच. राहिली ती नाण्यावर उठलेली रेघ. तिच्यासाठी ‘वळ’ कसा वाटतो? चाबकाचा वळ अंगावर उठतो, खड्डा पडत नाही. वळ म्हटलं की वर आलेलंच डोळ्यासमोर येतं. ‘ठशाच्या तड्याचा वळ’.

लेथवाला
शब्द झकास. मात्र माझ्या पोराला ‘डायचा क्रॅक’च समजेल.

खारपाण
वळ घेतला! आता माझी दुसरी शिवराई पाहा, फोटो जोडतो. ही एकाला वखरणी करताना पासेला, वखराच्या पात्याला, लागली होती. ओळींच्या मधे दोन आडव्या रेषा दिसतात, म्हणून मी तिला ‘दुदांडी’त, म्हणजे दोन दांड्यांच्या शिवरायांत, ठेवलं. आता शंका येते, दुसरी दांडी खरी दांडी आहे की वळ?

छापाकाटा
फोटोवरून सांगत नाही. उजेड कुठून आला ते फोटोत लिहिलेलं नसतं, आणि आपला डोळा तो वरून आला असंच धरून चालतो. विश्वास नसेल तर मोबाइल उलटा धरून हाच फोटो पाहा, तुमची दांडी खड्डा होईल.

असं करा. खोलीत अंधार करा, टॉर्च टेबलाला टेकवून आडवा धरा आणि नाणं हळूहळू गोल फिरवा. पक्कं उठलेलं एक अक्षर साक्षीला घ्या, ‘प’चा दंड घ्या. त्याची उजेडाकडची बाजू चमकेल, पलीकडे सावली पडेल. रेघही तशीच वागली तर ती उठलेली. उलटी वागली, म्हणजे सावली उजेडाच्या बाजूला पडली, तर खोल. सगळीकडून फिरवून पाहा, एकाच बाजूने नाही. आणि चिंच लावून घासू नका हो, बायाबापड्यांनी घासलेल्या किती शिवराया पाहिल्या! घासल्यावर खऱ्या रेघेत खोट्या रेघा मिसळतात आणि कडा बोथट होतात.

दांडी असेल तर ती पहिलीला समांतर आणि एकसारख्या जाडीची हवी. वळ असेल तर कुठेतरी भरकटेल. हा प्रश्न वेलांटीचाही आहे. शिवरायांवर ‘शिव’ वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेला सापडतो, आणि एखादा वळ नेमका अक्षराच्या डोक्यावरून गेला की लोक नवी वेलांटी मोजून मोकळे होतात. ओरखड्याने असा घोटाळा सहसा होत नाही. अक्षर उठलेलं, तो खोल.

पऱ्हाटी
मंजे तडा गेला की नाण्याचं नवं वाण झालं काय?

छापाकाटा
नाही. पऱ्हाटीवर लाल्या रोग आला म्हणून वाण बदलतं का? ठसा तोच, त्याचं म्हातारपण दिसतं एवढंच. पण उपयोग मोठा आहे. दोन वेगळ्या घरांतल्या शिवरायांवर तोच वळ त्याच अक्षराच्या त्याच जागेवरून जात असेल, तर त्या एकाच ठशाच्या लेकी. एकीवर तो आखूड आणि दुसरीवर लांब असेल, तर आखूड वळाची ती थोरली. ओरखडा असा दोघींवर सारखा कधीच नसतो, तो ज्याचा त्याचा.

वखराला लागलेली म्हणालात म्हणून सांगून ठेवतो. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा लागला तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, १८७८चा कायदा आहे. वऱ्हाडात असे ठेवे निघतात. तऱ्हाळ्याला १९३९ साली सातवाहनांच्या नाण्यांचा केवढा साठा निघाला होता.

खारपाण
रात्री लाइन गेली होतीच, टॉर्च लावला. ‘प’चा दंड उजेडाकडून चमकला, वरची दांडीही चमकली. खालची मात्र उलटी वागली, आणि भिंगात तिच्या दोन्ही काठांवर ती तासाची माती दिसली. तळाशी तांबं लालबुंद, बाकी नाणं काळं. म्हणजे चरा, आणि तोही ताजा. वखराच्या पासेनं माझी दुदांडी करून ठेवली होती! ती आता ‘ओरखडे’ या चिठ्ठीखाली गेली.

पहिल्या नाण्याची चिठ्ठी अशी लिहिली : ‘नाणे पाडण्याच्या ठशाला तडा गेला होता. ही उठलेली रेघ म्हणजे त्या तड्याचा वळ.’ शेजारी ओल्या मातीत उमटवलेलं एक पाऊल ठेवलं.

आज आजोबा नातीला घेऊन आले. पाऊल पाहून मान डोलावली, चिठ्ठी मोठ्यानं वाचली. आमच्याकडं ळचा य होतो हे माझ्या ध्यानातच नव्हतं. नातीनं वहीत उतरवून घेतलं, ‘तड्याचे वय’, आणि आता मला विचारते आहे, किती वर्षं लिहू?