डांबरगोळ्यांचा वास बाळंतिणीच्या खोलीतून कसा घालवावा?

परभणीकर_काकू

नमस्कार. आमचे घर परभणीच्या जुन्या भागात आहे. पुढे सिमेंटच्या दोन खोल्या आणि मागे जुने माळवदाचे माजघर. या माजघरात सासूबाईंच्या काळापासूनचे एक सागवानी कपाट आणि पत्र्याची मोठी संदूक असून त्यांत घोंगड्या, शाली, लग्नातले शालू, दोन पैठण्या आणि आमच्या मुलांची अंगडी-टोपडी, कुंच्या, दुपटी जपून ठेवलेली आहेत. दरवर्षी मृग निघण्याआधी त्यांत डांबरगोळ्या टाकायच्या, हा सासूबाईंचा शिरस्ता. जुन्या गोळ्या काढायच्या मात्र कोणाच्या मनात आले नाही. परवा कपाटाचा खालचा खण रिकामा केला, तेव्हा फळ्यांच्या सांध्यांत हरभऱ्याएवढ्या झिजलेल्या गोळ्या आणि अभ्रकासारखा चकाकणारा पांढरा चुरा निघाला.

लेक पहिल्या बाळंतपणासाठी चैत्राच्या अखेरीस येणार आहे. उन्हाळ्यात घरातली सर्वांत थंड जागा माजघरच, त्यामुळे तिची बाज तिथेच टाकायची असे ठरले आहे. पण दार उघडताच नाकात भपकारा शिरतो. गोळ्या वेचून फेकल्या, फिनाइलने फरशी पुसली, ऊद जाळला, सकाळ-संध्याकाळ कापूर लावला, तरी वास हलत नाही. कपाटाचे काय करावे, रेशमी वस्त्रांचे काय करावे, आणि बाळाला बारशाला आपल्या घरातलीच जुनी कुंची घालावी ही सासूबाईंची इच्छा पूर्ण करता येईल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गोदाकाठ

काकू, मी नांदेडला अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे, म्हणून आधी थोडे मुळाशी जातो. आपण ज्याला डांबरगोळीचा वास म्हणतो, तो गोळीचाच वायुरूप अंश असतो. जुन्या गोळ्या नॅफ्थलीनच्या असत. ते दगडी कोळशाच्या डांबरातून निघते. नॅफ्थलीन वितळते सुमारे ८० अंश सेल्सिअसला, पण वितळण्याची वाट न पाहता साध्या हवेतही त्याची घनरूपातून थेट वाफ होत राहते. ही वाफ लाकडात, कापडात, कागदात आणि गादीच्या कापसात मुरते, आणि गोळ्या काढल्यानंतर तिथून हळूहळू परत बाहेर पडते. आपल्या नाकाला ती अत्यल्प प्रमाणातही जाणवते, त्यामुळे बराचसा अंश निघून गेला तरी काहीच फरक पडला नाही असे वाटते.

यावरून पुढचे सगळे ठरते. ऊद, उदबत्ती आणि कापूर यांनी नॅफ्थलीन नष्ट होत नाही, फक्त एका वासावर दुसरा वास चढतो आणि बंद खोलीत धुराची भर पडते. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस वाटीत ठेवावा असे सर्रास सुचवले जाते, पण त्यांची नॅफ्थलीनवर रासायनिक क्रिया होत नाही. खाण्याच्या सोड्याचाही या वासावर फारसा भरवसा धरू नये. पाण्यात नॅफ्थलीन जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे थंड पाण्याने वारंवार पुसून किंवा धुऊन श्रम आणि पाणी दोन्ही वाया जातात; आणि २०१६ साली ज्या मराठवाड्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे पाण्याच्या बादल्या ओतण्याचा सल्ला देताना निदान त्याचा उपयोग किती होणार हे तरी सांगितले पाहिजे.

उपयोग होतो तो उष्णतेचा आणि वाहत्या हवेचा. तापमान वाढले की वाफ होण्याचा वेग झपाट्याने वाढतो. पौष-माघाच्या थंडीत जे कपाट महिनोन् महिने वास सोडत राहील, ते आपल्या चैत्रातल्या उन्हाळ्यात, जेव्हा सावलीतही पारा चाळिशीला टेकतो, पुष्कळ लवकर मोकळे होते. तुमच्या हातात नेमका योग्य हंगाम आहे. दुपारी खोलीची दारे-खिडक्या उघडाव्यात आणि टेबलफॅन खिडकीत बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवावा, म्हणजे आतली हवा ओढून बाहेर टाकली जाईल. छताचा पंखा तीच हवा खोलीत फिरवत बसतो. खिडकीत बसवलेला कूलर असेल तर तो बाहेरची हवा आत ढकलतो, तेव्हा समोरचे दार उघडे ठेवल्यास त्याचाही लाभ होतो, परंतु या कामापुरते त्यात पाणी घालू नये, कारण आपल्याला गारवा नको आहे, ऊब हवी आहे. उरलेल्या वासासाठी सक्रिय कोळसा उपयोगी पडतो. तो बंद कपाटात किंवा संदुकीत ठेवावा, उघड्या खोलीत त्याचा प्रभाव पडत नाही. शेगडीचा साधा कोळसाही थोडे काम करतो, पण फारच थोडे.

एक तपासणीही करून घ्यावी. हल्ली मिळणाऱ्या काही गोळ्या पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात. पाण्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत घालावे आणि त्यात गोळीचा तुकडा टाकावा: नॅफ्थलीन तरंगते, दुसरी बुडते. नॅफ्थलीन निघाले, तर बाळाच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागेल; त्याविषयी वैद्यकीय क्षेत्रातल्या कोणी लिहिल्यास बरे.

रंधा

मी लातूरचा, सुतारकाम घराण्यात आहे. गोदाकाठ सरांचे म्हणणे बरोबर आहे, पण लाकडाच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात.

जुन्या सागवानी कपाटाला बाहेरून लाखेचे पॉलिश असते, आतली बाजू मात्र बहुधा कोरी सोडलेली असते. खणांच्या तळाच्या फळ्या, पाठीची फळी आणि सांधे यांना कोणी हात लावलेला नसतो आणि वास मुरतो तो तिथेच. त्यामुळे सगळे खण बाहेर काढून कपाट भिंतीपासून पुढे ओढावे, सांध्यांतला चुरा कोरड्या रंगाच्या ब्रशने झाडून कागदावर गोळा करावा आणि आतल्या कोऱ्या लाकडावर स्पिरिटमध्ये ओले केलेले फडके फिरवावे. नॅफ्थलीन पाण्यात विरघळत नसले तरी स्पिरिटमध्ये काही अंशी विरघळते. हे फडके बाहेरच्या पॉलिशला मात्र लागू देऊ नये, कारण लाख स्पिरिटमध्येच विरघळते आणि कपाटाचे तोंड कायमचे डागाळते. काम उघड्यावर करावे, जवळपास चूल किंवा बिडीसुद्धा नसावी.

नंतर कपाट ओसरीवर सावलीत, जिथे गरम वारा लागेल अशा जागी दारे उघडी ठेवून सोडावे. थेट दुपारच्या उन्हात ठेवण्याची घाई करू नये. जुने लाकूड एकाएकी तापले की फळ्या तडकतात आणि सांधे सुटतात. वास बराच उतरला की आतून १२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने मारून चपडी लाखेचे दोन हात द्यावेत. लाखेचा थर लाकडात उरलेला वास आतच धरून ठेवतो. ही मेहनत कपाट घरात परत घेण्याआधी करावी; आधी लाख आणि मग उन्हाळा, असा उलटा क्रम लावला तर लाकडातले काही बाहेर पडणार नाही आणि थर जिथे उडेल तिथून वास येत राहील.

माझे स्पष्ट मत विचाराल तर बाळंतपण होईपर्यंत कपाट आणि संदूक दोन्ही माजघरात ठेवूच नयेत. संदूक पत्र्याची आहे, ती कढत पाण्याने आणि साबणाने घासून उन्हात उपडी घातली की तिचे काम झाले. तिच्या तळाशी अंथरलेले जुने वर्तमानपत्र तेवढे काढून टाका.

बालाघाट_७२

क्षमा असावी, पण या गोष्टीचा एवढा बाऊ करण्याचे कारण मला कळत नाही. आमच्या आईने आम्हा सगळ्या भावंडांना डांबरगोळ्यांच्या पेटीतलीच दुपटी वापरली आणि कोणाला काही झाले नाही. वाकळा उन्हात टाकल्या की वास जातो.

परभणीकर_काकू

सर्वांचे आभार. मिठाच्या पाण्यात आमची गोळी तरंगली. कपाट उद्या मुलगा आणि शेजारची पोरे मिळून ओसरीवर आणतील. पैठण्यांविषयी कोणी सांगाल का? त्या उन्हात टाकायला मन धजत नाही. बालाघाट दादा म्हणतात ते सासूबाईही म्हणतात, त्यामुळे बाळाच्या कपड्यांविषयी मला पक्के उत्तर हवे आहे.

पदर_काठ

काकू, आमचा छत्रपती संभाजीनगरला रेशमी वस्त्रांचा जुना व्यवसाय आहे. पैठणी उन्हात टाकायची नाहीच; रेशमाचा रंग उडतो आणि धागा कमकुवत होतो. घडी पूर्ण उलगडून सावलीच्या, वारा खेळणाऱ्या खोलीत स्वच्छ सुती चादरीवर ती पसरावी, रोज बाजू पालटावी आणि रात्री गुंडाळून घ्यावी. दोरीवर टांगू नये, कारण जरीच्या पदराचे वजन रेशमाला ओढते. तिच्यावर अत्तर किंवा कोणताही फवारा मारू नये; तो डाग मागाहून निघत नाही. ड्रायक्लीनिंगनेही नॅफ्थलीन निघते, पण अस्सल जरीची पैठणी ज्याला नीट हाताळता येते अशा माणसाकडेच ती द्यावी, आणि वारा देऊन भागत असेल तर तेही टाळावे. घरात हिमरू शाल असल्यास तिलाही हाच नियम लावावा.

वास उतरल्यावर पैठणी धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवावी आणि वर्षातून दोन-तीनदा घडी मोडून नव्या ठिकाणी पाडावी, नाहीतर जर घडीवरच तुटते. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये.

घोंगड्यांचे काम सोपे आहे. त्या गरम पाण्यात घालू नयेत, लोकर आटते; बांबूवर टाकून काठीने झोडपाव्यात आणि वाऱ्यावर सोडाव्यात.

पाळणाघर_बीड

मी बीड जिल्ह्यात नवजात शिशू विभागात परिचारिका आहे. काकू, आधी तुमच्या प्रश्नाचे उत्तर देते आणि मग दादांच्या म्हणण्याकडे वळते.

काही बाळांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचे एक विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असते. हे आनुवंशिक असून मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक आढळते, आणि बाहेरून पाहून ते ओळखता येत नाही. अशा बाळाच्या शरीरात नॅफ्थलीन गेले, मग ते श्वासावाटे असो किंवा कातडीवाटे, तर लाल रक्तपेशी फुटू लागतात, बाळ पिवळे पडते, लघवी गडद होते आणि कावीळ इतकी वाढू शकते की मेंदूला इजा होण्याची भीती असते. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे किंवा पांघरुणे नवजात बाळाला वापरल्यामुळे असे झाल्याची उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेली आहेत. यात एक गोष्ट आपल्याकडे विशेष लक्षात घेण्यासारखी आहे: नॅफ्थलीन तेलात चांगले विरघळते. बाळाला तेल लावून मालीश करायचे आणि त्याच अंगाने वास असलेल्या दुपट्यात घट्ट गुंडाळायचे, म्हणजे ते कातडीतून आत शिरायला वाट करून देणेच होय. गर्भवतीच्या श्वासातून गेलेले नॅफ्थलीन बाळापर्यंत पोहोचू शकते, म्हणून लेकीनेही त्या खोलीत वास असताना झोपू नये. खोली तयार झाली नाही तर तिची बाज पुढच्या खोलीत टाकावी, उकाडा सोसता येतो.

बालाघाट दादा, तुमच्या भावंडांना काही झाले नाही, कारण बहुधा तुमच्यापैकी कोणाला ही कमतरता नव्हती. ज्या घरात ती असते तिथे बाळ का पिवळे पडले हे पूर्वी कोणाला कळतही नसे. शिवाय केवळ या बाळांपुरताही हा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली नॅफ्थलीनला माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत घातले आणि युरोपीय संघाने २००८ पासून या गोळ्यांवर बंदी आणली.

आता कुंची. दुपटी आणि अंगडी सुती असतील तर साबणाच्या कढत पाण्यात भिजवावीत, कारण नॅफ्थलीन वाफेबरोबर निघून जाते. पण हे अंगणात करावे, न्हाणीघरात नव्हे. नंतर ती कडक उन्हात वाळवावीत. कुंची खणाची किंवा रेशमी असेल तर तिला कढत पाणी चालणार नाही, तिला पैठणीसारखाच वारा द्यावा. ती बंद डब्यात एक रात्र ठेवून सकाळी झाकण उघडताच वास घ्यावा आणि हे काम सासूबाईंना न सांगता लेकीला सांगावे, कारण वर्षानुवर्षे त्या वासात वावरलेल्या नाकाला तो जाणवत नाही. किंचितही वास आला तर ती बाळाच्या अंगावर घालू नये. पहिल्या महिन्यात मऊ, नवी, धुतलेली सुती वस्त्रेच वापरावीत. बारशाची हौस पुढे बोरनहाणाला भागवता येईल, तोवर कुंचीला आणखी वारा मिळेल.

घरात दुसरे लहान मूल येत-जात असेल तर गोळ्या त्याच्या हाती लागू देऊ नका. साखरेच्या गोळीसारख्या दिसतात म्हणून मुले त्या तोंडात घालतात. तसे झाल्यास दूध-तूप पाजू नये, कारण स्निग्ध पदार्थांनी नॅफ्थलीन अधिक वेगाने भिनते. ओकारी काढण्याचा खटाटोप न करता मूल आणि उरलेली गोळी दोन्ही घेऊन थेट दवाखाना गाठावा.

गोदाकाठ

वेचलेल्या गोळ्या आणि चुरा यांविषयी लिहायचे राहिले. ते शौचालयात किंवा मोरीत टाकू नयेत आणि पाचोळ्याबरोबर जाळू तर मुळीच नयेत. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून, वर धोक्याची सूचना चिकटवून महानगरपालिकेच्या घातक कचऱ्यात द्याव्यात.

पुढच्या वर्षी कसर लागेल ही सासूबाईंची भीती रास्त आहे, पण ती कसर लोकर आणि रेशीम खाते. धुतलेल्या सुती दुपट्यांना तिच्यासाठी गोळ्यांची गरज नव्हतीच. लोकरी वस्त्रे घामाचा आणि तेलाचा डाग न ठेवता, पूर्ण वाळवून आणि झटकून संदुकीत ठेवावीत आणि सोबत वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवावेत. वेखंड आणि कडुनिंबाचा पाला कसरीला दूर ठेवायला मदत करतात, पडलेली अंडी मारत नाहीत. शाल लहान असेल तर ती पिशवीत हवाबंद करून फ्रीजरच्या खणात, उणे १८ अंशांवर आठवडाभर ठेवावी, म्हणजे अंडी आणि अळ्या दोन्ही मरतात. घोंगडी त्यात मावणार नाही. तिला श्रावणात उघडीप मिळेल त्या दिवशी बाहेर काढून झोडपणे हाच उपाय.

परभणीकर_काकू

सासूबाईंना परिचारिका ताईंचा मजकूर वाचून दाखवला. कुंची बोरनहाणाला घालायला त्या तयार आहेत. कपाट ओसरीवर आले असून लेकीची बाज तूर्त पुढच्या खोलीत टाकणार आहोत. रंधा दादा, चपडी लाख परभणीत रंगाच्या दुकानात तयार मिळते की स्पिरिटमध्ये भिजवून घरीच करावी लागते?

रंधा

दोन्ही मिळतात, पण तयार डबा जुना असेल तर लाख नीट वाळत नाही आणि हाताला चिकट लागते. चपडीचे पातळ पापुद्रे आणून स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घालावेत, मधूनमधून ढवळावे आणि सकाळी सुती फडक्यातून गाळून घ्यावे. एक लिटर स्पिरिटला पाव किलो लाख आतल्या बाजूसाठी पुरे.