मर्यादित खर्चात एचडी संकलनकक्ष: पैसा नेमका कुठे घालावा?

संकलनोत्सुक:

नमस्कार. आम्ही काही मित्र मिळून मुलाखती, व्याख्याने आणि रंगमंचीय प्रयोगांचे चित्रीकरण करतो. आजवर एका साध्या लॅपटॉपवर निभावून नेले; आता एक छोटी खोली मिळाली असून तिथे चित्रणाच्या संकलनासाठी (एडिटिंगसाठी) कायमचा कक्ष उभारायचा आहे. काम १९२० बाय १०८० मध्येच होते, फोर-केची मागणी आमच्याकडे कोणी करत नाही. दोन्ही कॅमेरे सेकंदाला ५० मेगाबिट या दराने एच.२६४ या संकुचित व्हिडिओ-स्वरूपातील फाइल देतात, आणि तिसरा कोन म्हणून अधूनमधून मोबाइलचे चित्रण वापरावे लागते.

अडचण अशी की, ज्याला विचारावे तो आधी महागडे ग्राफिक्स कार्ड घ्या म्हणून सांगतो, आणि ते घेतले तर मॉनिटर, स्पीकर व साठवणीसाठी हातात काहीच उरत नाही. तिन्ही कोन एकाच वेळी टाइमलाइनवर (सॉफ्टवेअरमध्ये तुकडे क्रमाने मांडण्याच्या पट्टीवर) ठेवले की लॅपटॉप अडखळतो हे खरे. परंतु तो ग्राफिक्स कार्डाअभावीच अडखळतो का, याची आम्हाला खात्री नाही. खर्चाची वाटणी कशी करावी आणि वापरलेले वर्कस्टेशन घेणे कितपत शहाणपणाचे ठरेल, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

कातरकाम:

तुमची शंका रास्त आहे. एच.२६४ मध्ये प्रत्येक चौकट (फ्रेम) पूर्ण साठवलेली नसते; एका पूर्ण चौकटीनंतरच्या बऱ्याच चौकटींत केवळ बदल नोंदवलेले असतात. त्यामुळे तुम्ही प्लेहेड (टाइमलाइनवर आपण कुठे आहोत ते दाखवणारी रेघ) मध्येच कुठेतरी नेऊन ठेवला की संगणकाला मागच्या पूर्ण चौकटीपर्यंत जाऊन तिथून पुढचे सगळे उलगडत यावे लागते, आणि तीन कोन असतील तर हे काम तिप्पट होते. अडखळण्याचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. हा भार पेलण्यासाठी इंटेलच्या बहुसंख्य प्रोसेसरांत क्विक सिंक नावाची सोय २०११ पासून अंगभूतच आहे. मात्र ज्या मॉडेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असते त्यात अंतर्गत ग्राफिक्स बंद केलेले असल्याने ही सोय मिळत नाही. थोडे पैसे वाचतात म्हणून पुष्कळ जण नेमके तेच मॉडेल उचलतात. संकलनासाठी ते टाळावे.

त्याहूनही स्वस्त उपाय म्हणजे प्रॉक्सी. मूळ फाइल बाजूला ठेवून डीएनएक्सएचडी ३६ सारख्या, प्रत्येक चौकट स्वतंत्र साठवणाऱ्या स्वरूपात हलक्या प्रती तयार कराव्यात, सगळी कापाकापी त्यांवर करावी आणि रंगसंस्कार (चित्राचे रंग व उजेड सुधारणे) व अंतिम निर्मितीच्या वेळी पुन्हा मूळ फाइलींकडे वळावे. सेकंदाला २५ चौकटींच्या एचडी चित्रणासाठी या प्रती तासाला सुमारे १६ जीबी जागा घेतात, म्हणजे तुमच्या मूळ फाइलींपेक्षाही (तासाला साडेबावीस जीबी) कमी. रात्री निघताना प्रती बनवायला लावल्या की सकाळी जुन्या यंत्रावरसुद्धा तिन्ही कोन विनातक्रार चालतात.

ग्राफिक्स कार्ड मुळीच नको असे मी म्हणणार नाही. डाविंची रिझॉल्व्ह हे संकलनाचे सॉफ्टवेअर वापरणार असाल तर त्याचा रंगसंस्काराचा सारा डोलारा ग्राफिक्स कार्डावर उभा असतो, तेव्हा मध्यम प्रतीचे एखादे कार्ड घ्यावेच. परंतु एचडी कामासाठी सर्वांत वरच्या श्रेणीचे कार्ड म्हणजे नाकापेक्षा मोती जड. रॅम १६ जीबीवर काम भागते, ३२ जीबी असेल तर निश्चिंती. ती एकाच पट्टीत न घेता दोन सारख्या पट्ट्यांत घ्यावी.

वापरलेले वर्कस्टेशन घेण्यास हरकत नाही, पण दोन गोष्टी आधी तपासाव्यात. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर, मोजके अपवाद वगळता, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे. दुसरे असे की, नामांकित कंपन्यांच्या अशा यंत्रांत पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड अनेकदा त्यांच्या स्वतःच्याच घडणीचे असतात; उद्या पॉवर सप्लाय गेला तर बाजारातला कोणताही आणून बसवता येईलच असे नाही. झाकण उघडून आतली जोडणी स्वतः पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

मंद्र:

यंत्राबद्दल कातरकाम यांनी सांगितले ते पुरेसे आहे. माझे मत असे की, ज्या साधनांवर विसंबून तुम्ही निर्णय घेता, म्हणजे डोळ्यांपुढचा पडदा आणि कानांपुढचा स्पीकर, त्यांत काटकसर शेवटी करावी. यंत्र संथ असेल तर वेळ जातो. पडदा खोटे बोलत असेल तर कामच बिघडते, आणि तेही दुसऱ्याच्या घरी पाहिल्यावर कळते.

एचडीसाठीचे रंगमानक रेक.७०९ आणि संगणकाचे नेहमीचे एसआरजीबी यांचे मूळ रंग एकच आहेत, त्यामुळे एसआरजीबीची पूर्ण व्याप्ती देणारा, म्हणजे त्यातील सर्व रंग दाखवणारा, साधा आयपीएस (बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारा) मॉनिटर तुम्हाला पुरतो. अधिक व्याप्तीचा महागडा मॉनिटर एसआरजीबी मोडशिवाय वापरला तर चेहरे उगाच लालबुंद दिसतात आणि आपण ते दुरुस्त करत बसतो. मॉनिटरपेक्षा कॅलिब्रेशनच्या (पडद्याचे रंग मोजून अचूक जुळवण्याच्या) उपकरणाला आधी प्राधान्य द्यावे. ते दोघातिघांत मिळून घेतले तरी चालते. खोलीतला प्रकाश मंद व स्थिर ठेवावा आणि मॉनिटरमागची भिंत रंगीत न ठेवता करडी ठेवावी. दुसरा पडदा म्हणून टीव्ही जोडणार असाल तर त्यातील हालचाल गुळगुळीत करणारी सोय आणि ओव्हरस्कॅन ही दोन्ही बंद करावीत. ओव्हरस्कॅनमुळे चित्राच्या कडा कापल्या जातात, आणि खालची नावपट्टी अगदी काठाला टेकलेली पाहून तुम्ही ती विनाकारण वर सरकवता.

ध्वनीसाठी लहान निअरफील्ड (जवळ बसून ऐकण्याच्या) स्पीकरची जोडी आणि बंद कपांचा हेडफोन, दोन्ही हवेत. हेडफोनवर कपड्यांची सळसळ आणि पंख्याची घरघर पकडता येते. बोलणे व संगीत यांचे प्रमाण मात्र स्पीकरवरच ठरवावे. दोन्ही स्पीकर व तुमचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि ट्वीटर (स्पीकरमधला उंच स्वरांचा छोटा भाग) कानाच्या उंचीवर यावा, एवढे जमले तरी स्वस्त जोडीतून बरेच काही मिळते. प्रसारणासाठी युरोपातील आर १२८ हे मानक उणे २३ एलयूएफएसची (आवाजाच्या सरासरी जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक) पातळी मागते. ती मोजणारा मीटर रिझॉल्व्हच्या विनामूल्य आवृत्तीतही आहे, त्यासाठी वेगळा खर्च नको.

संकलनोत्सुक:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन उपप्रश्न आहेत. विंडोजचा खर्च टाळण्यासाठी लिनक्सवर विनामूल्य रिझॉल्व्ह चालवावे का? आणि मोबाइलच्या चित्रणात आवाज हळूहळू ओठांपासून सुटत जातो, त्याचा संबंध यंत्राच्या वेगाशी आहे का?

जुना टेपवाला:

लिनक्सवरील विनामूल्य रिझॉल्व्ह एच.२६४ फाइल उघडतच नाही, आणि तिथे एएसी या स्वरूपातल्या ध्वनीचीही पंचाईत होते. म्हणजे तुमच्या प्रत्येक फाइलीचे आधी रूपांतर करावे लागेल. लिनक्सच हवे असेल तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट वापरून पाहावे. कापाकापीच्या कामाला दोन्ही चांगली आहेत, रंगसंस्कारात मात्र रिझॉल्व्हची सर त्यांना नाही.

आवाज सुटण्याचा वेगाशी संबंध नाही. मोबाइल प्रकाश व तापमानानुसार चौकटींचा दर कमीजास्त करत राहतो, आणि संकलनाचे सॉफ्टवेअर तो स्थिर धरून चालते. त्यामुळे मुलाखतीच्या आरंभी सगळे जुळलेले असते आणि अर्ध्या तासानंतर शब्द आधी व ओठ नंतर, किंवा याच्या उलट, असे होते. फाइल टाइमलाइनवर घेण्यापूर्वी हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ (स्थिर चौकटदर) निवडून ती नव्याने काढावी.

साठवणीबद्दल अजून कोणीच सल्ला दिला नाही म्हणून लिहितो. ऑपरेटिंग सिस्टिम आणि सॉफ्टवेअरसाठी एक एसएसडी, चालू प्रकल्पासाठी दुसरी, आणि संपलेल्या कामांसाठी मोठ्या हार्ड डिस्का, अशी विभागणी करावी. चालू कामाची एसएसडी क्यूएलसी प्रकारची (एका पेशीत चार बिट साठवणारी, स्वस्त) नसलेली बरी, कारण मोठी कॉपी करताना तिची कॅशे (तात्पुरती वेगवान जागा) भरली की लिहिण्याचा वेग एकदम कोसळतो. चालू कामासाठी हार्ड डिस्क घेणारच असाल तर एसएमआर प्रकारची (माहितीचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी) टाळावी. संग्रहासाठी ती चालून जाते.

दोन डिस्कांचे रेड (दोन्हींवर तीच माहिती एकाच वेळी लिहिणारी जोडणी) केले म्हणजे बॅकअप झाला, असे मानणारे अजून भेटतात. चुकून पुसलेली फाइल रेडच्या दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक त्या खोलीबाहेर, हा जुना नियम पाळावा, आणि कॅमेऱ्याचे कार्ड दुसरी प्रत उघडून पाहिल्याशिवाय फॉरमॅट करू नये. यूपीएस घ्याल तेव्हा केवळ संगणक त्याला जोडून थांबू नका. बाहेरून जोडलेल्या डिस्काही त्यावरच असू द्या, कारण लिहिणे चालू असताना वीज गेली तर पहिला फटका त्यांना बसतो.