'घनता', 'दाटी' आणि 'भरवस्ती'

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावाची विकास योजना तयार होत असून तिच्या मसुद्यात 'विद्यमान परिसराशी सुसंगत, अधिक घनतेचा मिश्र वापर विकास' असा शब्दप्रयोग आहे. सभेत तो वाचला गेला तेव्हा बहुतेकांनी 'आता गर्दी वाढणार, उंच इमारती येणार' असाच अर्थ घेतला. 'घनते'ला बोलण्यातला शब्द सुचवावा.

उत्तर : भाऊ, लोकांनी घेतलेला अर्थ अकारण नाही. 'घनता' ऐकताच मनात 'दाटी' येते, आणि दाटी म्हणजे अडचण. वास्तविक घनता हे केवळ माप आहे : एका हेक्टरात किती माणसे किंवा किती घरे. तिचा उंचीशी थेट संबंध नाही. २०० चौरस मीटरच्या प्लॉटवर चटई क्षेत्र निर्देशांक (सर्व मजल्यांचे मिळून बांधकाम प्लॉटच्या किती पट करता येते, ते माप) १ असेल, तर १०० चौरस मीटरचे दोन मजले बांधता येतात किंवा ५० चौरस मीटरचे चार. बांधकाम तेवढेच, रूप मात्र वेगळे. 'परिसराशी सुसंगत' हे शब्द या रूपाविषयी आहेत, आणि शेजारच्या माडीपेक्षा उंच जाऊ नये, ओट्याची ओळ मोडू नये, असे योजनेत सरळ लिहिले तर कोणीही ते समजेल.

मला 'भरवस्ती' हा शब्द योग्य वाटतो. भरबाजार, भरचौक, भरदुपार या शब्दांत 'भर' म्हणजे पूर्णत्व. त्यात अतिरेकाची तक्रार नाही. उलट आज आपल्या गावांत पांढरी, म्हणजे गावठाणातली राहती वस्ती, ओस पडत चालली आहे. जुने वाडे पडून बखळी, म्हणजे मोकळ्या पडीक जागा, झाल्या, वारसांच्या वाटण्या अडल्या, आणि घरे मात्र हमरस्त्याला लागून असलेल्या लेआउटमध्ये, म्हणजे काळीत (शेतजमिनीत), उभी राहत आहेत. ही काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथे पाया खोल घ्यावा लागतो, शिवाय नाली, नळ आणि रस्ता शेतापर्यंत ओढत न्यावा लागतो. पिकाची जमीन जाते ती वेगळीच. म्हणून आधी बखळी भरणे आणि मगच गावाला चिकटून वाढणे हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये नंतर घातलेल्या कलम ४२-ड ने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील, नियोजनाशी जुळणाऱ्या अकृषिक (शेतीखेरीज इतर) वापराची वाट सोपी केली, तेही याच दिशेचे होते. बखळीची मालकी ठरवायला गावठाणातल्या जागांसाठी असलेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेतील ड्रोन मोजणी आणि तिच्यातून मिळणारी मालमत्ता पत्रके उपयोगी पडतील. ही योजना २०२० मध्ये सुरू झाली.

'मिश्र वापर' समजावण्यासाठी पेठेतले कोणतेही जुने घर दाखवावे. दर्शनी ओट्यावर किराणा, त्यामागे धान्याची खोली, वर माडीत कुटुंब, आणि मागच्या आवारात गुरांचा कोठा. लोक याला 'खाली दुकान, वर मकान' म्हणतात आणि तेवढे पुरेसे आहे. राहण्याचा भाग एकीकडे आणि दुकानांचा दुसरीकडे, अशी काटेकोर विभागणी आपल्याकडे नंतर आली. अर्थात वेल्डिंगचे दुकान किंवा जिनिंग (कापसातून सरकी काढण्याचा कारखाना) घरांना लागून चालणार नाही. कोणता व्यवसाय चालेल हे नियमावलीत नावानिशी लिहिले पाहिजे.

शंका : वर्तमानपत्रात 'भरवस्तीत घरफोडी' असेच वाचायला मिळते. हा शब्द भीतीचा वाटणार नाही काय?

उत्तर : ताई, ती बातमी ठळक होते याचे कारण भरवस्तीत असे घडू नये, ही सर्वांची अपेक्षा असते. जिथे सदैव कोणी ना कोणी ओट्यावर बसलेले असते, तिथे लक्षही राहते. मसुद्यापुरती माझी सूचना अशी की, कोष्टकात 'घनता (दर हेक्टरी)' राहू द्यावी, कारण तिथे माप हवे. पण सभेपुढे वाचायच्या मजकुरात 'भरवस्ती' लिहून पहिल्याच पानावर तिची व्याख्या द्यावी.