शब्दचर्चा: पॅच, लॉग आणि कमिटची नोंद

मुलुंडकरीण:
ऑफिसात नव्यानं आलेल्या मुलांसाठी गिटची, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रामची, मराठी टिपणं लिहितेय. पॅचला, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या फाइलला, ‘ठिगळ’ म्हणावं का? अर्ध्या टीमला ते ऐकून फाटकी गोधडी आठवते. आणि प्रत्येक कमिटसोबत, म्हणजे बदल इतिहासात जमा करताना, लिहितात त्या लॉग मेसेजला काय म्हणायचं?

दादर पश्चिम:
ठिगळ व्युत्पत्तीला धरून आहे. कागदी टेपच्या काळात चुकीची भोकं बुजवायला खरोखर कागदाचा तुकडा चिकटवत. पण लॅरी वॉलनं १९८५ मध्ये ‘पॅच’ हा प्रोग्राम आणला, तो डिफची, म्हणजे दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणारी, फाइल वाचतो: वजा चिन्हाच्या ओळी काढायच्या, अधिकच्या घालायच्या. ठिगळ कधी कापड काढून घेत नाही. म्हणून मी ‘पॅच’च लिहितो. ‘पॅच लावला’, ‘पॅच बसला नाही’, क्रियापद मराठी असलं की झालं.

गिरगावकर:
लॉग जहाजावरचा. दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात सोडून वेग मोजायचे, तो ज्या वहीत उतरवायचे ती लॉगबुक. तेव्हा ‘नोंद’ चपखल आहे. ‘संदेश’ मात्र नको, आपण तो कुणाला धाडत नसतो.
क्रियापदाचं रूपही ठरवा. गिटचे स्वतःचे नियम आज्ञार्थ मागतात. मराठीत ‘तारीख दुरुस्त करा’ वाचलं की काम अजून बाकी आहे असंच वाटतं. ‘तारीख दुरुस्त केली’ लिहा, आणि खाली का केली ते.

मुलुंडकरीण:
‘नोंद’ पटलं. पण आमची कमिट-एमएसजी हुकची स्क्रिप्ट, म्हणजे कमिट करताना आपोआप चालून नोंद तपासणारी, मराठी नोंदी अडवते. पहिली ओळ ५० अक्षरांत हवी म्हणते, आणि माझी ओळ तर एवढीशी असते!

दादर पश्चिम:
स्क्रिप्टमध्ये ‘डब्ल्यूसी -सी’ ही मोजणीची कमांड असणार. ते बाइट मोजतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, मग ‘दुरुस्ती’ एवढ्या शब्दाचेच २४ झाले. ‘-सी’ऐवजी ‘-एम’ लावा, म्हणजे चिन्हं मोजली जातील, आणि लोकेल (सिस्टिमची भाषेची सेटिंग) यूटीएफ-८ ठेवा. तरी ‘दुरुस्ती’ ८ भरेल, कारण उकार, वेलांटी आणि हलन्त वेगळे मोजले जातात. डोळ्यांना दिसतात तीनच अक्षरं. ५० हा संकेत आहे, कायदा नव्हे. मराठीसाठी मर्यादा सैल करा.
आणखी एक. रिपॉझिटरी, म्हणजे इतिहासासकट कोडचा साठा, क्लोन केल्यावर (त्याची प्रत उतरवल्यावर) हुक सोबत येत नाहीत. ते रिपॉझिटरीतल्या एका फोल्डरात ठेवा आणि प्रत्येकाला ‘कोअर.हुक्सपाथ’ ही गिटची सेटिंग त्याकडे वळवायला सांगा. ब्रँचच्या (कामाच्या वेगळ्या फाट्याच्या) नावातला तिकीट नंबर, म्हणजे कामाचा क्रमांक, प्रिपेअर-कमिट-एमएसजी हुक आपोआप भरून देईल. ‘का केलं’ ते मात्र हातानंच लिहावं लागतं, आणि लोक नेमकं तेच गाळतात.

मुलुंडकरीण:
मग हुकला ‘आकडा’ म्हणू?

गिरगावकर:
मुंबईत? ‘आज रिपॉझिटरीत आकडा लावला’ असं टीमच्या रोजच्या स्टँडअपमध्ये बोलून बघा. निम्मे लोक मटका समजून ओपन की क्लोज ते विचारतील.