‘आवडता गेम’ की ‘आवडती गेम’?

किलवर_राणी
२०२४ मधल्या माझ्या आवडत्या पाच व्हिडिओ गेमवर लेख लिहिला आणि एका मित्राला वाचायला दिला. मजकूर त्याने तसाच ठेवला, लिंग मात्र सगळीकडे बदललं. ‘बलाट्रो सगळ्यात जास्त आवडली’चं ‘आवडला’ झालं, ‘ॲस्ट्रो बॉट संपवली’चं ‘संपवला’. म्हणे गेम पुल्लिंगीच. आमच्याकडे घरीदारी ‘ती गेम’ म्हणतात. ‘मी बलाट्रो खेळले’ म्हणताना काही अडत नाही, कारण ‘खेळणे’ कर्त्याच्या मागे जातं. अडतं ते ‘आवडणे’ आणि ‘संपवणे’पाशी. आणि अनेकवचन काय करायचं? शीर्षकात ‘आवडत्या गेम’, ‘गेम्स’ की ‘गेमा’?

ऱ्हस्वदीर्घ
मित्र बरोबर आहे. परभाषेतून आलेल्या नामाला आपण सहसा मराठी प्रतिशब्दाचं लिंग देतो. खेळ तो, म्हणून गेमही तो. क्रीडापानावर बॅडमिंटनची बातमी बघा, ‘पहिला गेम २१-१७ असा जिंकला’ असंच असतं. पुल्लिंग धरलं की अनेकवचनाचाही प्रश्न सुटतो: एक गेम, पाच गेम.

तिसरी_गल्ली
सामना तो, मग मॅच ती कशी? लेखणी ती, मग पेन तो कसा?

ऱ्हस्वदीर्घ
मॅचला ‘लढत’ धरा.

तिसरी_गल्ली
असा सोयीचा प्रतिशब्द निवडायचा असेल तर गेमला मी ‘बाजी’ धरते. झाली की स्त्रीलिंगी! लोक आधी बोलतात, नियम मागून येतो. आणि पुल्लिंगी गेम मुंबईत कुठे ऐकू येतो? ‘त्याचा गेम केला’, ‘गेम वाजवला’. हा असला शब्द आवडीच्या यादीवर कशाला?

मुपो_सावंतवाडी
आमच्याकडे दोन्ही चालतात आणि त्यात फरक आहे. कॅरमला बसलो की ‘एक गेम झाली, दुसरी लावा’. २५ पॉइंटांची ती गेम, आणि तिच्यातला एकेक बोर्ड. पण दुकानातून खोक्यात आणतो तो ‘गेम’. म्हणजे डाव असेल तर ती, वस्तू असेल तर तो. राणीताई, तुमची यादी वस्तूंची आहे, तेव्हा ‘आवडते गेम’ करा.

किलवर_राणी
फरक सुरेख सांगितलात, पण बलाट्रोच्या बाबतीत तो टिकत नाही. मला जे आवडलं ते सगळं डावात आहे. पोकरसारखे पत्ते लावून गुण करायचे. राजांची जोडी लावली तर जोडीचे १० आणि दोन राजांचे दहा-दहा मिळून ३०, गुणिले २, म्हणजे ६०. पहिल्या फेरीला ३०० लागतात आणि हात मिळतात चार. तशा जोड्यांवर भागणार नाही हे तिथेच कळतं. मग दुकानातून साधा जोकर घ्यायचा. तो गुणकात ४ मिळवतो, २ चे ६ होतात, आणि त्याच ३० चे १८० होतात. असे दीडशे वेगवेगळे जोकर आहेत. कुठला घ्यायचा आणि कुठला विकायचा यातच रात्र जाते. हे सगळं एकट्या माणसाने बनवलंय, स्वतःचं नावही न सांगता. म्हणून माझ्या यादीत बलाट्रो पहिली आहे, आणि ती मला वस्तू वाटत नाही.

आडवाट
यादीच काढायची तर ॲस्ट्रो बॉट पहिला हवा. डिसेंबर २०२४ च्या ‘गेम अवॉर्ड्स’ पुरस्कारांमध्ये वर्षाचा गेम तोच ठरला. बलाट्रोला स्वतंत्र निर्मात्यांच्या गटातलं मिळालं.

किलवर_राणी
‘सर्वोत्तम’ आणि ‘आवडती’ हे दोन वेगळे शब्द आहेत. सर्वोत्तम पाच जणांनी बसून ठरवावं. आवडतीला पुरावा लागत नाही.

आडवाट
मान्य. पण ‘२०२४ मधले’ म्हणजे काय तेही सांगा. २०२४ मध्ये आलेले की २०२४ मध्ये खेळलेले? मी २०२४ मध्ये ‘राजी’ खेळलो, पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा, २०२० चा. भाऊ गोलूला शोधायला निघालेली मुलगी, आणि आपल्या ओळखीचे देव. माझ्या वर्षातला पहिला तोच. तुमच्या शीर्षकाने तो बाद होतो. ‘२०२४ मध्ये खेळलेले’ असं लिहिलंत तर माझ्यासारख्यांनाही यादी करता येईल.

ऱ्हस्वदीर्घ
मुळात ‘खेळ’ हा शब्द असताना गेमचं लिंग ठरवत का बसायचं? ‘माझे आवडते खेळ’. संपलं.

तिसरी_गल्ली
काका, ‘माझे आवडते खेळ’ म्हटलं की लोक खो-खो आणि कबड्डी समजतील. शिवाय सिनेमाचा तीनचा खेळ, तमाशाचा खेळ, शिमग्यातले खेळे. खेळाला आधीच पुष्कळ कामं आहेत. आम्ही व्हिडिओ गेम पार्लरमध्ये जायचो तेव्हा ‘मुस्तफा खेळायला चल’ म्हणायचो. गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, पण पिवळ्या टोपीच्या मुस्तफाचं नाव गेमला पडलं. तिथे तो की ती हे कुणी विचारलं नाही.

मुपो_सावंतवाडी
मुस्तफा तो, म्हणून गेमही तो! आमच्याकडे ‘मुस्तफा संपवला’ म्हणायचे.

तिसरी_गल्ली
आमच्याकडे ‘मुस्तफाची गेम संपवली’. 

पानसुपारी
मला नेहमी वाटतं की गेम आणि गंमत एकाच मुळातले असावेत. जुन्या इंग्रजीत ‘गेमन’ म्हणजे मौजच. मौज ती, गंमत ती, म्हणून गेम ती.

ऱ्हस्वदीर्घ
उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही. ‘गेमन’चा अर्थ मौज हे खरं, पण तिथून गंमतपर्यंत यायला मधले टप्पे दाखवावे लागतील. व्युत्पत्तीच हवी तर बलाट्रोची घ्या. लॅटिनमध्ये बलाट्रो म्हणजे विदूषक. म्हणजे जोकरच, आणि तो पुल्लिंगी.

मुपो_सावंतवाडी
राणीताई, लिंगाचं राहू द्या, तुम्ही वर ‘हात मिळतात चार’ लिहिलंय ते मला खटकलं. पत्त्यात हात म्हणजे सगळ्यांनी एकेक पान टाकून जिंकलेला हात. मेंढीकोटात आपण हात *करतो*. पोकरमध्ये पानं जुळवून दाखवतात, त्याला हात कसं म्हणायचं?

किलवर_राणी
मग काय म्हणू? तीन पत्तीत त्याला वेगळं नाव नाही, नुसतं ‘जोडी आली’, ‘कलर आला’ म्हणतात.

पानसुपारी
‘पानं’ म्हणा. ‘चारदा पानं लावता येतात.’ आमच्या घरी रमीत सिक्वेन्स ‘लावतात’.

तिसरी_गल्ली
पान की पत्ता? आमच्याकडे पान फक्त विड्याचं आणि झाडाचं.

मुपो_सावंतवाडी
सावंतवाडीत गंजिफाच्या जुन्या पत्त्यांना ‘पानं’च म्हणतात, ती गोल असली तरी. आणि हात हा शब्द मेंढीकोटाचाच आहे, त्यावर मी ठाम आहे. दहिल्या धरायच्या खेळात हात मोजल्याशिवाय चालत नाही.

ऱ्हस्वदीर्घ
दहिल्या नव्हे, दश्श्या.

मुपो_सावंतवाडी
काका, आमच्याकडे दहिलीच.